कानांत प्राण आणून

पवना नदीच्या काठी वसलेले पुनावळे हे एके काळी शेतीवाडीचे लहानसे गाव होते. त्या काळी गावाची सकाळ आवाजांवरून ओळखू येई. कोंबडा आरवे, गोठ्यातील गुरांच्या गळ्यांतील घंटा किणकिणत, जात्याची घरघर घराघरांतून ऐकू येई. आज हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले आहे. मुंबईहून बंगळूरकडे जाणारा महामार्ग त्याच्या अंगावरून जातो. मालमोटारींचा घरघराट दिवसरात्र चालू असतो. जेथे भाताची खाचरे होती तेथे उंच इमारती उठत आहेत आणि काँक्रीट कालवणाऱ्या यंत्रांचा खडखडाट थांबत नाही. पूर्वी ऐकण्यासारखे थोडे होते व ते नीट ऐकू येई. आता कानांवर पुष्कळ काही पडते. परंतु त्यातले नेमके काय ऐकावे, हाच प्रश्न होऊन बसला आहे.

अशा गावातील शाळेच्या एका वर्गाची कल्पना करावी. वर्गात चाळीस मुले आहेत. पिंपरी, चिंचवड, हिंजवडी, चाकण या परिसरात कामधंद्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली आहेत. त्यामुळे कोणाचे गाव मावळात आहे, कोणाचे विदर्भात, कोणाचे मराठवाड्यात, तर कोणाचे महाराष्ट्राबाहेर. बाईंनी विषय दिला आहे, ‘माझ्या गावचा उन्हाळा’. मराठवाड्यातून नुकताच आलेला एक मुलगा बोलावयास उभा राहतो. थोडा चाचरतो आणि मग सांगू लागतो, “आमच्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो. टँकर यायलाय असं कुनी वरडलं, की समदे घागरी घेऊन पळायचे.”

‘यायलाय’ हा शब्द ऐकताच मागच्या बाकावर कोणीतरी फिदीफिदी हसते. हसू एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जाते. मुलगा पुढे बोलतो खरा. पण आता त्याचा आवाज खाली गेलेला असतो. राहिलेले चार शब्द घाईघाईने उरकून तो खाली बसतो.

बाई कोणावर रागावत नाहीत. त्या फळ्याकडे वळतात आणि तीन प्रश्न लिहितात. गावात टँकर किती दिवसांनी येत असे? एका घराला किती घागरी पाणी मिळत असे? रांगेत घागर ठेवण्यासाठी पहाटे कोण उठत असे? तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या मुलाने सांगितलेली असतात. तरी वर्गात एकही हात वर होत नाही. चाळीस मुलांच्या ऐंशी कानांवर ते बोलणे पडले होते. पण मुलांच्या मनात राहिला होता तो एकच शब्द, ‘यायलाय’!

असे का झाले? कोणाच्याही कानांत दोष नव्हता. ऐकू येणे आणि ऐकणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट आपोआप होते. दुसरी करावी लागते.

ऐकू येणे हे कानाचे काम आहे. बोलणाऱ्याच्या आवाजाने हवेत लहरी उठतात. त्या कानाच्या नळीतून आत जातात व कर्णपटल नावाच्या पातळ पडद्यावर आदळतात. पडदा थरथरतो. त्याला लागून हातोडी, ऐरण आणि रिकीब या आकारांची तीन चिमुकली हाडे आहेत. त्यांतले रिकिबीसारखे हाड हे मनुष्याच्या शरीरातील सर्वांत लहान हाड होय. ही हाडे पडद्याची थरथर आतील शंखाकृती भागाकडे पोहोचवतात. तेथून मज्जातंतूंच्या वाटे ती वार्ता मेंदूकडे जाते. निसर्गाने डोळ्यांना पापण्या दिल्या. कानांना मात्र झाकण दिले नाही. म्हणून मनुष्य जागा असो वा झोपलेला, त्याचे कान उघडेच असतात.

परंतु मेंदूपर्यंत आलेल्या वार्तेचे काय करावयाचे, हे मन ठरवते. पावसाळ्याच्या रात्री विजा कडकडत असतानाही दमलेली आई गाढ झोपून राहते. मात्र पाळण्यातील बाळ नुसते कुरकुरले, की ती तत्काळ उठून बसते. विजेचा आवाज कितीतरी मोठा आणि बाळाचा कितीतरी लहान. पण आईचे मन बाळाकडे लागलेले असते. ज्याकडे मन लागते तेच ऐकले जाते. यालाच जुन्या ग्रंथांत अवधान असा सुंदर शब्द आहे.

हा भेद मराठी भाषेने फार पूर्वीपासून ओळखला आहे. एखादी गोष्ट सहज समजली तर ती ‘कानावर आली’ असे आपण म्हणतो. मुद्दाम लक्ष दिले तर ‘कान दिला’ म्हणतो. जाणूनबुजून दुर्लक्ष केले तर तो ‘कानाडोळा’ होतो. ऐकलेले मनात ठरले नाही, तर ‘एका कानाने ऐकले आणि दुसऱ्याने सोडून दिले’ असे म्हणतात. रात्रभर रामायण ऐकून सकाळी ‘रामाची सीता कोण?’ असे विचारणारा श्रोता तर म्हणींत अमर झाला आहे. आणि जेव्हा मनुष्य सर्व शक्ती एकवटून ऐकतो, तेव्हा तो ‘कानांत प्राण आणून’ ऐकतो. कानांत प्राण आपोआप येत नाही. तो आणावा लागतो. या एका शब्दप्रयोगात ऐकण्याचे सारे शास्त्र सामावले आहे.

अशा ऐकण्यावर कित्येक माणसांचा चरितार्थ चालतो. पुनावळ्यातील अनेक मुलांचे पालक कारखान्यांत काम करतात. यंत्रशाळेतील एखादा जुना, जाणता कामगार यंत्र चालू असताना एका जागी थांबतो, लांब पेचकसाचे टोक यंत्राच्या अंगाला टेकवतो आणि मूठ आपल्या कानाशी धरतो. आतील बेअरिंग झिजू लागले असेल तर त्याचा निराळा आवाज त्या लोखंडातून त्याच्या कानापर्यंत येतो. इतरांना जो नुसता गोंगाट वाटतो, त्यात त्याला यंत्राचे दुखणे ऐकू येते. वेळीच ऐकल्यामुळे यंत्र मोडण्यापूर्वी दुरुस्त होते आणि कोणाचा हात किंवा जीवही वाचतो.

वैद्यकशास्त्रातही असाच एक प्रसंग घडला. १८१६ साली पॅरिसमध्ये रने लाएनेक नावाचे एक डॉक्टर होते. त्या काळी छातीचे ठोके ऐकण्यासाठी डॉक्टर रोग्याच्या छातीला आपला कान लावीत. एका रुग्ण स्त्रीच्या बाबतीत तसे करणे लाएनेक यांना प्रशस्त वाटेना. तेव्हा त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, तिचे एक टोक रोग्याच्या छातीवर टेकवले व दुसऱ्याला कान लावला. ठोके पूर्वीपेक्षाही स्पष्ट ऐकू आले! पुढे त्यांनी लाकडाची नळी बनवली. तीच आजच्या स्टेथोस्कोपची पणजी होय. तथापि केवळ नळी सापडल्याने रोग समजले नाहीत. लाएनेक यांनी शेकडो रोग्यांच्या छातीतील आवाज ऐकले, एकमेकांशी ताडून पाहिले, कोणता आवाज कोणत्या रोगात येतो हे टिपून ठेवले आणि १८१९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. नळी कानाला लावणे सोपे होते. कान तयार करणे कठीण होते.

महाराष्ट्रात असे कान तयार करण्याची शाळा घरोघरी भरत असे. रात्रीची जेवणे उरकली की आजी गोष्ट सांगावयास बसे. ऐकणाऱ्याने अधूनमधून ‘हूं’ म्हणावे असा नियम असे. त्यालाच हुंकार देणे म्हणतात. हुंकार आला नाही की आजी विचारी, “निजलास की काय?” आणि गोष्ट तेथेच थांबे. वरवर पाहता ही साधी रीत. पण तिच्यातून मुलांना एक मोठी गोष्ट शिकावयास मिळे. गोष्ट एकटी आजी सांगत नाही. ऐकणाराही ती पुढे नेत असतो.

कीर्तनात आणि पुराणातही श्रोत्याला असेच महत्त्व होते. भक्तीचे जे नऊ प्रकार सांगितले आहेत, त्यांत श्रवणाला पहिले स्थान आहे. १२९० साली नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. त्या ग्रंथात ज्ञानेश्वरांनी श्रोत्यांकडे पुन्हा पुन्हा अवधानाची मागणी केली आहे; आणि सच्चिदानंदबाबांनी तो ऐकून लिहून घेतला, म्हणून तो आपल्या हाती आला. समर्थ रामदासांनी तर दासबोधात श्रवणाची थोरवी सांगितलीच, पण श्रोत्यांच्या दोषांवरही लिहिले.

या गोष्टीचे सर्वांत जवळचे उदाहरण पुनावळ्याच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर सापडते. इंद्रायणीच्या काठी देहू आहे आणि त्याच्या पलीकडे चाकण. आज चाकण हे नाव मोटारींच्या कारखान्यांमुळे सर्वत्र ठाऊक झाले आहे. सतराव्या शतकात याच चाकणात संताजी जगनाडे हे गृहस्थ राहत. त्यांच्या घरी तेलाचा व्यवसाय होता. तुकोबांचे कीर्तन ऐकून ते त्यांचे निष्ठावंत टाळकरी बनले आणि तुकोबांचे अभंग ते लिहून ठेवू लागले. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या व पुढे त्या तरल्या, ही कथा महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. त्या अभंगांचे मोल जाणून ते कागदावर उतरवणाऱ्यांत संताजींचे नाव आदराने घेतले जाते. त्यांच्या वह्या पुढील पिढ्यांनी जपल्या. विसाव्या शतकात वि. ल. भावे यांनी त्या वह्यांच्या आधारे तुकोबांची गाथा छापून प्रसिद्ध केली. संताजींची समाधी सुदुंबरे या गावी आहे.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. बोललेला शब्द हवेत विरून जातो. तो दुसऱ्यांदा ऐकू येत नाही. कीर्तनाला शेकडो माणसे बसत असतील; परंतु त्या शब्दांचे जतन झाले ते संताजींसारख्यांनी कानांत प्राण आणून ते ऐकले म्हणून. बोलणारा थोर असला तरी त्याची वाणी टिकवण्याचे काम ऐकणाऱ्याच्या हाती असते.

जुन्या काळी असे होत असेल, पण आता यंत्रे आली, आता ऐकण्याचे एवढे काय, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर पुण्यातच झालेल्या एका प्रयोगाने दिले आहे. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले. रेडिओ खेड्यांत पोहोचू लागला. पण रेडिओवर सांगितलेली शेतीची, आरोग्याची माहिती लोकांच्या उपयोगी पडते काय, हा प्रश्न होता. म्हणून १९५६ साली आकाशवाणीने युनेस्को या जागतिक संस्थेच्या साहाय्याने एक प्रयोग केला. त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांमधून सुमारे दीडशे गावे निवडण्यात आली. प्रत्येक गावात श्रोत्यांचे एक मंडळ स्थापन झाले. आठवड्यातून दोन वेळा सर्वांनी एकत्र जमावयाचे, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकावयाचा, संपल्यावर त्यावर आपसात बोलावयाचे, शंका लिहून आकाशवाणीकडे पाठवावयाच्या, असा क्रम ठरला. ऐका, चर्चा करा आणि कृती करा, हे या मंडळांचे सूत्र होते. असे वीस कार्यक्रम झाले.

प्रयोग करणाऱ्यांनी आणखी एक दक्षता घेतली होती. मंडळे नसलेली काही गावेही त्यांनी पाहणीसाठी निवडली. त्यांतल्या काही गावांत रेडिओ होता, काहींत तोही नव्हता. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर या सर्व गावांतील लोकांना प्रश्न विचारण्यात आले. तेव्हा मंडळे असलेल्या गावांत लोकांचे ज्ञान पुष्कळच वाढलेले दिसून आले. जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे मात्र फार थोडी भर पडली. मंडळांच्या या यशामुळे १९५९ पासून देशाच्या इतर भागांतही ती सुरू करण्यात आली. मंडळ असलेल्या आणि नसलेल्या गावांत आवाज एकाच केंद्राचा येत होता. फरक होता तो ऐकण्यात. एका ठिकाणी आवाज कानांवरून गेला; दुसऱ्या ठिकाणी लोकांनी तो अडवला, त्यावर विचार केला, प्रश्न विचारले आणि मग तो आपलासा केला.

यात नवे असे काही नव्हते. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य आपली पत्नी मैत्रेयी हिला ज्ञानाचा मार्ग सांगतात. तेथे श्रवणानंतर मनन येते आणि मननानंतर निदिध्यासन. प्रथम ऐकणे, मग ऐकलेल्याचा विचार करणे आणि शेवटी त्याचा सतत ध्यास घेणे. उपनिषदातील ऋषी आणि खेड्यातील शेतकरी निरनिराळ्या काळातले. पण दोघेही एकाच पायरीने चढले.

हीच पायरी वर्गातही चढता येते. त्यासाठी काही सवयी लावून घ्याव्या लागतात.

पहिली सवय तयारीची. पाऊस पडण्यापूर्वी शेतकरी जमीन नांगरून ठेवतो. कारण कडक जमिनीवर पडलेले पाणी वाहून जाते. धडा सुरू होण्यापूर्वी त्याचे शीर्षक पाहून ‘यात मला काय कळून घ्यायचे आहे?’ असा एखादा प्रश्न मनाशी धरला, तर मनाची जमीन नांगरली जाते. मनात प्रश्न असला की उत्तर ऐकू येते.

दुसरी सवय शेवटपर्यंत ऐकण्याची. दुसरा बोलत असताना पुष्कळ जण आपण काय उत्तर द्यावयाचे याची जुळवाजुळव करीत असतात. तोंड मिटलेले असते, पण मन बोलतच असते. आपली पाळी केव्हा येते याची वाट पाहणे म्हणजे ऐकणे नव्हे.

तिसरी सवय सूत्र पकडण्याची. चांगल्या बोलण्यातले विचार माळेतील मण्यांसारखे ओवलेले असतात. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘परंतु’, ‘याउलट’, ‘थोडक्यात’ हे शब्द म्हणजे त्या माळेच्या गाठी होत. ‘परंतु’ म्हटले की विचार वळणार. ‘म्हणून’ म्हटले की निष्कर्ष येणार. या शब्दांवर कान ठेवला की सूत्र हातून सुटत नाही. टिपण करावयाचे तेही या सूत्राचे करावे. प्रत्येक शब्द उतरवू पाहणारा मुलगा हाताने लिहीत राहतो आणि मनाने मागे पडतो.

चौथी सवय ऐकलेले आपल्या शब्दांत सांगून पाहण्याची. आपल्या देशातील शास्त्रीपंडित वाद करीत, तेव्हा एक शिस्त पाळीत. समोरच्याचे मत खोडून काढण्यापूर्वी ते प्रथम नीट मांडावे लागे. त्याला पूर्वपक्ष म्हणत. पूर्वपक्ष मांडल्यावरच स्वतःचे उत्तर द्यावयाचे. वर्गातील चर्चेत ही शिस्त पाळून पाहण्यासारखी आहे. ‘तुझे म्हणणे असे आहे ना?’ असे विचारून त्याची ‘होय’ आल्यावाचून आपले मत मांडावयाचे नाही, एवढा नियम केला तर निम्मी भांडणे सुरू होण्यापूर्वीच मिटतील. कारण अनेकदा भांडण मतांचे नसतेच. ते न ऐकल्याचे असते.

पाचवी सवय प्रश्न विचारण्याची. प्रश्न विचारणे म्हणजे आपले अज्ञान उघडे करणे, असे समजून पुष्कळ मुले गप्प बसतात. वास्तविक नेमका प्रश्न तोच विचारू शकतो, ज्याने मन लावून ऐकले आहे. आजीच्या गोष्टीतील हुंकाराप्रमाणे वर्गातील प्रश्नही शिकवणाऱ्याला सांगतो, की कोणीतरी सोबत येत आहे.

या सवयींची परीक्षा एका खेळाने घेता येते. कानगोष्टींचा खेळ सर्वांना ठाऊक आहे. समजा, पहिल्या मुलाच्या कानात सांगितले, “धरणातून संध्याकाळी सहा वाजता पाणी सोडणार आहेत, नदीकाठच्या लोकांनी गुरे वर आणून बांधावीत.” दहाव्या मुलापर्यंत जाता जाता याचे कदाचित “संध्याकाळी सहा वाजता पाणी येणार आहे, लोकांनी गुरे नदीवर न्यावीत” असे होईल. वर्गात यावर हसू येईल. परंतु पवनेच्या काठी पावसाळ्यात हा खेळ राहत नाही. एक शब्द चुकीचा ऐकला गेला तर गुरे वाहून जातील, माणसेही जातील. असा निरोप ऐकणाऱ्याने तो सांगणाऱ्याला पुन्हा म्हणून दाखवावा आणि मगच पुढे न्यावा. रेल्वेच्या, विमानाच्या आणि जहाजाच्या कामांत महत्त्वाच्या सूचना अशाच उलट म्हणून दाखवण्याची पद्धत आहे.

येथे एक शंका निघेल. मराठीत ‘आईचे ऐक’, ‘गुरुजींचे ऐक’ असे म्हणतात, तेव्हा ऐकणे याचा अर्थ आज्ञा पाळणे असा होतो. मग जो जो बोलेल त्याचे त्याचे ऐकावयाचे काय? तसे नव्हे. जो कोणाचेही बोलणे खरे मानतो त्याला आपण ‘हलक्या कानाचा’ म्हणतो आणि तो गुण समजला जात नाही. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ या म्हणीत दोन्ही गोष्टी आहेत. मात्र तिचा पहिला अर्धा भाग अनेकांच्या ध्यानात राहत नाही. मनाचे करावयाचे खरे. पण ते आधी जनाचे ऐकून. ऐकून घेतल्याने कोणी कोणाचा गुलाम होत नाही; उलट पारखून घेण्यास त्याला अधिक माल मिळतो.

कानांचे रक्षण करणे हेही ऐकण्याचेच एक अंग आहे. ८५ डेसिबलांहून मोठा आवाज रोज आठ आठ तास वर्षानुवर्षे कानांवर पडत राहिला, तर ऐकण्याची शक्ती हळूहळू नाहीशी होते. म्हणून गोंगाटाच्या कारखान्यात कामगारांनी कानांत बोळे किंवा कानांवर आच्छादन घालावयाचे असते. वर्गातला आवाज ३५ डेसिबलांच्या आत असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. भारतात २००० साली झालेल्या नियमांनुसार शाळांभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तरीही बाहेरचा गोंगाट आपल्या हाती नसतो. वर्गातील गलका मात्र आपल्या हाती असतो. ज्या मुलांना कानांनी ऐकू येत नाही, ती बोलणाऱ्याच्या हातांकडे, ओठांकडे आणि चेहऱ्याकडे डोळे लावून बसतात व सारे समजून घेतात. त्यांच्याकडे पाहिले म्हणजे कळते, की ऐकण्याचे मूळ कानांत नसून मनात आहे.

आता पुनावळ्यातील त्या वर्गाकडे परत येऊ. फळ्यावर तीन प्रश्न आहेत आणि वर्ग खाली मान घालून बसला आहे. बाई त्या मुलाकडे वळून म्हणतात, “बाळ, आम्ही नीट ऐकलं नाही. पुन्हा सांगशील?”

‘तू नीट बोलला नाहीस’ असे त्या म्हणत नाहीत. ‘आम्ही नीट ऐकले नाही’ असे म्हणतात. मुलगा पुन्हा उभा राहतो. या वेळी खिडकीबाहेर महामार्ग तसाच गर्जत असतो; पण वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरलेली असते. टँकर आठ दिवसांनी येई. एका घराला चार घागरी पाणी मिळे. पहाटे आजी उठे आणि रांगेत घागर ठेवून तिच्याजवळ बसून राही. तो सांगतो आणि मुले ऐकतात. ‘यायलाय’ हा शब्द पुन्हा येतो, ‘समदे’ येतो, ‘हिर’ येते. कोणी हसत नाही. शब्दांच्या मागे उभे असलेले गाव आता सर्वांना दिसू लागलेले असते.

तो थांबतो. तेव्हा मागच्या बाकावरचा, मघाशी सर्वांत आधी हसलेला मुलगा हात वर करतो आणि विचारतो, “आणि टँकर आलाच नाही, तर?”

“मंग आजी रातच्याला हिरीवर जायची,” तो सांगतो. “तळाला झिरपलेलं पानी वाटीवाटीनं भरायची. एक घागर भरायला रात जायची.”

वर्गातील एकाही मुलाने त्या दिवशी वही काढलेली नव्हती. परंतु दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारले, तेव्हा चाळीसही मुलांना सारे आठवत होते. आणि मधल्या सुट्टीत शाळेच्या टाकीचा गळणारा नळ कोणीतरी, कोणी न सांगता, घट्ट बंद केलेला होता.